गल्लीतील सांस्कृतिक कामाला लहान अनुदान: ते येते कसे आणि अडते कुठे

भोंडल्याची गाणी पाठ असलेल्या स्त्रिया बडोद्यात अजून आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा जुन्या वस्त्यांत त्या राहतात, बहुतेकींनी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, आणि त्यांच्या तोंडी असलेल्या काही ओळींत मराठीला गुजराती शब्द असे सहज येऊन मिळाले आहेत की तशा ओळी पुण्या-साताऱ्याकडे ऐकायला मिळायच्या नाहीत. ही गाणी ध्वनिमुद्रित करावीत, उतरवून घ्यावीत, त्यांची एक छोटी पुस्तिका छापावी आणि आश्विनात ज्या अंगणांत ती म्हटली जात तिथेच त्या स्त्रियांना बोलावून ती पुन्हा म्हणून घ्यावीत, एवढेच काम असेल तर त्याला लाखांनी पैसा लागत नाही. तरीही असे काम वर्षानुवर्षे राहून जाते, कारण ते वर्गणीच्या आवाक्याच्या थोडे बाहेर आणि मोठ्या देणगीदाराच्या नजरेच्या बरेच खाली पडते. या मधल्या जागेसाठीच लहान अनुदान ही व्यवस्था असते. मी एका लहान मराठी मंडळाचा अनेक वर्षे खजिनदार होतो; ही व्यवस्था आतून कशी चालते हे आम्हाला कोणी सुरुवातीलाच सांगितले असते, तर आमची दोन-तीन वर्षे वाचली असती, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांचा अर्थ नक्की करू, कारण मंडळांच्या बैठकींत देणगी, प्रायोजकत्व आणि अनुदान हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात. देणगी एकदा दिली की ती मंडळाची होते, आणि मंडळाच्या उद्देशांत बसेल अशा कोणत्याही कामावर ती खर्च करता येते. प्रायोजकत्वात देणाऱ्याला मोबदला हवा असतो, म्हणजे फलकावर नाव, पत्रिकेवर चिन्ह, मंचावर खुर्ची. त्यामुळे तिथे जीएसटीचा प्रश्न उभा राहू शकतो आणि करसल्लागाराला आधी विचारलेले बरे. अनुदान या दोहोंहून वेगळे असते. ते एका ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीसाठी आणि ठरलेल्या कलमांवरच खर्च करण्यासाठी मिळते, आणि काम पुरे होऊन हिशेब मंजूर होईपर्यंत तो पैसा एका अर्थाने देणाऱ्याचाच राहतो. खात्यात जमा झालेली रक्कम आपली नसून आपल्याकडे सोपवलेली आहे, हे मनात पक्के असले की पुढचे सगळे नियम जाचक न वाटता समजू लागतात.

ही कल्पना बडोद्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली हे बहुतेकांना ठाऊक असते, पण त्या योजनेतले पैशाचे सूत्र सहसा कोणी सांगत नाही. गावकऱ्यांनी वर्गणीतून जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने, म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने, घालावी आणि तेवढीच सरकारने घालावी, असे ते सूत्र होते. म्हणजे गावाला ग्रंथालय दान म्हणून मिळत नव्हते. गावाने पहिला तृतीयांश जमवून आपली गरज सिद्ध करायची आणि मग उरलेले दोन तृतीयांश मागायचे. त्याही आधी मोतीभाई अमीन या शिक्षकाने गावोगावी मित्रमंडळांच्या वतीने लहान वाचनालये सुरू केली होती, आणि पुढे तेच संस्थानच्या ग्रंथालय खात्यात कामाला लागले. लोकांचे काम आधी उभे होते आणि सरकारी पैसा त्यावर नंतर आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज अनुदानाच्या मागे लागलेली बरीच मंडळे हा क्रम उलटा करतात: पैसे आले तर काम करू, असे म्हणतात, आणि म्हणूनच त्यांचा अर्ज वाचणाऱ्याला त्यामागे माणसे दिसत नाहीत.

हेच तत्त्व अगदी वेगळ्या रूपात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात 2010 पासून दिसले. तिथल्या ‘डेट्रॉइट सूप’ या उपक्रमात लोक पाच डॉलर देऊन एका जेवणाला येत, सूप आणि पाव खात आपल्या शहरातील चार लहान प्रकल्पांची मांडणी ऐकत, प्रत्येकाला चार मिनिटे आणि चार प्रश्न मिळत, आणि मग मतदान होऊन जमलेली सगळी रक्कम त्याच रात्री एका प्रकल्पाला दिली जाई. तिथे लांबलचक अर्ज नव्हता की नोंदणीची अट नव्हती. पिठलं-भाकरीच्या पंगतीवर असे काही आपल्या एखाद्या मंडळाच्या सभागृहात सहज करता येईल, आणि पाच-दहा हजारांच्या कामाला तेवढे पुरेसे होईल. त्यापुढच्या रकमेसाठी मात्र औपचारिक अनुदानाकडे जावे लागते.

तसे अनुदान आज कोठून मिळते? केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची ‘कला संस्कृती विकास योजना’ हे त्यातले सर्वांत मोठे दार आहे. तिच्यात सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचे अनुदान हा एक भाग असून त्याखाली परिसंवाद, कार्यशाळा, संशोधन, प्रदर्शन, नाट्य-नृत्य-संगीताची निर्मिती अशा कामांना सर्वसाधारणपणे 5 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. अर्ज करणारी संस्था किमान 3 वर्षे नोंदलेली असावी लागते. गुरु-शिष्य परंपरेसाठीचे अनुदान हा त्याच योजनेचा दुसरा भाग आहे, पण तो नियमितपणे तालीम चालवणाऱ्या नाट्य, नृत्य वा संगीत पथकांसाठी आहे, भोंडल्यासारख्या कामासाठी नव्हे. उदयपूरला मुख्यालय असलेले पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान आणि गोव्यासाठी काम करते. त्याच्याकडून रोख रकमेपेक्षा कार्यक्रमातील सहकार्याची अपेक्षा ठेवणे अधिक व्यवहार्य आहे. खाजगी क्षेत्रात बंगळूरची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही 1993 मध्ये स्थापन झालेली संस्था विशेष लक्षात ठेवावी, कारण ती संस्थांप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही कलाविषयक संशोधन आणि प्रयोगासाठी अनुदान देते, त्यामुळे नोंदणी नसलेल्या पण मनापासून काम करणाऱ्या माणसाला तिथे वाट आहे.

बडोद्याच्या आसपास कारखाने पुष्कळ, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाची, म्हणजेच सीएसआरची, चर्चा प्रत्येक बैठकीत निघते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, वारसा आणि पारंपरिक हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा कंपनी हा पैसा आपल्या कामाला देऊ शकते यात शंका नाही. मात्र 1 एप्रिल 2021 पासून असा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-1’ ही वेगळी नोंदणी करावी लागते आणि तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय कंपनीला ऐंशी हजारांच्या दहा कामांपेक्षा आठ लाखांचे एक काम सांभाळणे सोपे जाते, त्यामुळे लहान मंडळाने या दारावर फार भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे. परदेशात स्थायिक झालेल्या बडोदेकरांकडून मदत घ्यायची असेल तर आणखी सावध राहावे: ती व्यक्ती भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर गोष्ट वेगळी, पण तिने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर तिचा पैसा परकीय अंशदान ठरतो, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान नियमन कायदा, याखालच्या नोंदणीशिवाय तो एक रुपयाही घेता येत नाही. नात्यातला माणूस असला तरी कायदा पारपत्र बघतो.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण बहुतेक लहान मंडळांचे अर्ज कामाच्या गुणवत्तेवर पडत नाहीत, ते या पायरीवर पडतात. गुजरातेत मंडळाची नोंदणी सहसा दुहेरी असते, म्हणजे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था म्हणून आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास म्हणून. धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदपत्रकात विश्वस्तांची नावे असतात, आणि विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी सूचना, दाखल करावा लागतो. आमच्या मंडळात हे तब्बल अकरा वर्षे झालेले नव्हते. नोंदपत्रकावरच्या सात नावांपैकी दोघे दिवंगत झालेले होते, एक जण मुलाकडे पुण्याला कायमचे गेलेले होते, आणि बँकेत सह्या करणारी माणसे नोंदपत्रकावर कुठेच नव्हती. एका अनुदानासाठी निवड जवळजवळ निश्चित झाल्यावर विश्वस्तांच्या ताज्या नोंदीची प्रत मागण्यात आली तेव्हा हे उघडे पडले. जुनी इतिवृत्ते मराठीत, कार्यालयाचे कामकाज गुजरातीत, त्यामुळे प्रत्येक ठरावाचे भाषांतर करून घ्यावे लागले, आणि हे सगळे निस्तरेपर्यंत अर्जाची मुदत कधीच उलटून गेली होती. चूक सर्वस्वी आमची होती. त्यानंतर दर वार्षिक सभेच्या दुसऱ्याच आठवड्यात चेंज रिपोर्टचे काम करायचे, असा नियम आम्ही मंडळाच्या घटनेत घातला.

याखेरीज स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचे पॅन, मागील 3 वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि 12 ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व 80 जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकर नोंदण्या, एवढे बहुतेक ठिकाणी लागते. हे सगळे एका महिन्यात धावपळ करून मिळवता येत नाही. नोंदणीच नसलेल्या गटाने एखाद्या नोंदलेल्या संस्थेला यजमान म्हणून बरोबर घ्यावे, तिच्या नावाने अर्ज करावा आणि दोघांत लेखी करार करून पैसा कोणाच्या सहीने खर्च होईल, यजमान संस्था व्यवस्थापनाचे किती घेईल आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क कोणाकडे राहतील हे आधीच ठरवावे. ओळखीच्या माणसांत करार कशाला, असे वाटते, परंतु ओळख टिकावी म्हणूनच तो करायचा असतो.

यानंतरची गोष्ट बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तिकांत सापडत नाही, आणि मला तीच सर्वांत आवश्यक वाटते: अनुदान मंजूर होणे वेगळे आणि हातात पैसा असणे वेगळे. भोंडल्याचेच उदाहरण घेऊ. समजा, ध्वनिमुद्रणाची 12 सत्रे, प्रत्येकी 1,500 रुपये, म्हणजे 18,000 रुपये. 20 गायिकांना प्रत्येकी 500 रुपये मानधन, म्हणजे 10,000. गाणी ऐकून उतरवणे आणि मुद्रितशोधन 12,000. 300 पुस्तिका, प्रत्येकी 60 रुपये, म्हणजे 18,000. समारोपाच्या कार्यक्रमाचा मंडप, ध्वनियंत्रणा आणि अल्पोपाहार 14,000. रिक्षा, झेरॉक्स, टपाल आणि लेखापरीक्षकाची फी 8,000. एकूण 80,000 रुपये झाले. देणारी संस्था खर्चाच्या 75 टक्के देणार असेल तर 60,000 तिचे आणि 20,000 मंडळाचे. इथपर्यंत सगळ्यांना कळते. पण ते 60,000 एकदम येत नाहीत. समजा पहिला हप्ता तीन चतुर्थांश, म्हणजे 45,000 रुपयांचा आला, तर उरलेले 15,000 काम पुरे करून, हिशेब तपासून, प्रमाणपत्र पाठवल्यानंतरच मिळतील, आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. दरम्यान छापखान्याचे आणि मंडपवाल्याचे बिल थांबत नाही. म्हणजे मंडळाला स्वतःच्या 20,000 बरोबर हे 15,000 ही काढून ठेवावे लागतात, आणि 80,000 च्या कामासाठी आधीच 35,000 रुपये हाताशी असावे लागतात. ज्या मंडळाने हा हिशेब केलेला नसतो, तिथे शेवटी खजिनदार किंवा चिटणीस स्वतःच्या खिशातून पैसे भरतो, आणि पुढच्या वर्षी तो पदावर राहत नाही.

म्हणूनच वर्गणीला कमी लेखू नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दर वर्षी थोडी रक्कम बाजूला टाकून असा फिरता निधी तयार ठेवला, तर अनुदानाचा हप्ता लांबला तरी काम थांबत नाही. हप्ता आला की ती रक्कम निधीत परत जाते. जागा, ओटा, घरचा चहा, सुनेने उतरवून दिलेली गाणी यांना मंडळाचा वाटा म्हणून धरता येईल का, हे देणाऱ्या संस्थेला पत्राने विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी अशा श्रमाचे मोल धरले जाते आणि काही ठिकाणी फक्त बँकेतून गेलेला पैसाच मोजला जातो.

अर्जाच्या मजकुराबद्दल एकच सल्ला देतो. ‘आपल्या समृद्ध मराठी संस्कृतीचे जतन व संवर्धन करणे हा या प्रकल्पाचा उद्देश आहे’ हे वाक्य निवड समितीपुढच्या प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे त्यातून तिला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘बाबाजीपुरा आणि दांडिया बाजार येथील 70 वर्षांवरील 20 स्त्रियांकडून भोंडल्याची आणि जात्यावरची गाणी आम्ही 12 सत्रांत ध्वनिमुद्रित करणार आहोत, यांपैकी 6 जणींशी आमचे बोलणे झालेले आहे आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे 40 गाणी आहेत.’ दुसऱ्या वाक्यात माणसे आहेत, संख्या आहे आणि काम सुरू झाल्याचा पुरावा आहे. समितीला संस्कृतीविषयीची आपली तळमळ मोजता येत नाही, पण सहा जणींच्या घरी जाऊन आलो आहोत हे मोजता येते. अर्जाबरोबर एका गाण्याचे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जोडले, मोबाइलवर केलेले का असेना, तर तीन पानांच्या प्रस्तावनेपेक्षा ते अधिक काम करते.

मानधनाचे कलम कापून अर्ज ‘स्वस्त’ करण्याचा मोह अनेक मंडळांना होतो. आपल्याच आज्या, त्यांना कसले पैसे द्यायचे, असे म्हटले जाते. ध्वनिमुद्रकाला, छापखान्याला, मंडपवाल्याला बाजारभावाने पैसे द्यायचे आणि ज्यांच्या कंठातून हे सगळे येते त्यांना नारळ नि शाल, हे मला अन्यायाचे वाटते. 500 रुपये ही रक्कम लहान असली तरी ती मंजूर कलमातून, नावाने, पावतीवर सही घेऊन दिली जाणे यात त्या स्त्रीच्या ज्ञानाची नोंद होते. ध्वनिमुद्रणापूर्वी तिचे संमतिपत्रही घ्यावे. ते मराठीत असावे, तिला वाचून दाखवावे, आणि गाणे कुठे छापले जाईल, कुठे वाजवले जाईल आणि तिचे नाव कसे दिले जाईल हे त्यात लिहिलेले असावे.

पैसा आल्यावर त्याचे खाते वहीत वेगळे ठेवावे. पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात; केंद्र सरकारच्या अनुदानात त्यासाठी 2017 च्या वित्तीय नियमांतील 12-ए हा नमुना वापरतात, आणि त्यात मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक अशी मांडणी करून लेखापरीक्षकाची सही घ्यावी लागते. शिल्लक उरली तर ती परत करायची असते, आणि त्या पैशावर बँकेत मिळालेले व्याजही मंडळाचे नसते. छपाईसारख्या मोठ्या कलमासाठी तीन कोटेशने घेऊन ठेवावीत. सरकारी अनुदानातून ध्वनिमुद्रणाचे यंत्र विकत घेतले तर त्याची नोंद मालमत्तेच्या वहीत करावी, कारण देणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही. लहान कामाला यंत्र भाड्याने आणलेलेच सोयीचे.

काम संपताना ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती करण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे: एक मंडळाकडे, एक एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे, आणि एक प्रत्येक गायिकेच्या घरी, तिच्या नातवंडांना लावता येईल अशी पेन ड्राइव्हवर. या तिसऱ्या प्रतीचा खर्च अर्जात धरायचा हमखास राहून जातो. वर मांडलेल्या 80,000 च्या हिशेबातही तो नाही. 20 पेन ड्राइव्ह, प्रत्येकी 300 रुपये धरले तरी 6,000 रुपये होतात, आणि मंजुरीनंतर नवे कलम घालायचे तर देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी लागते. तेव्हा अर्जावरचा आकडा 86,000 असावा.